दुपारी चार ते सातची थंडी

ब्रिटनमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे हिवाळा काढून परतलेल्या आई-वडिलांकडून हल्ली एक नवी तक्रार कानावर येते. घर उत्तम, नातवंडे उत्तम. पण दुपारचे चार वाजले की घर गार पडायला लागते आणि सातपर्यंत शाल गुंडाळून बसावे लागते. जावयाला विचारले तर तो मोबाइलवर एक आलेख दाखवतो. चार ते सात वीज महाग, म्हणून त्या वेळात हीट पंप बंद.

जावयाचे गणित चूक नाही, अर्धवट आहे. आणि उरलेला अर्धा भाग आरोग्याचा असल्यामुळे या स्तंभात त्याविषयी लिहायला हवे.

हीट पंप म्हणजे काही अद्भुत यंत्र नव्हे. आपल्या खिडकीतला एसी घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून घरात आणतो, इतकाच फरक. उष्णता नव्याने तयार करायची नसून फक्त हलवायची असते, त्यामुळे विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. यंत्र चांगले बसवले असेल तर साडेतीन, चारही. गॅसचा बॉयलर मात्र एक युनिट गॅस जाळून फार तर ०.९ युनिट उष्णता देतो.

मग हीट पंप स्वस्त पडायला हवा. अडचण अशी की ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग आहे. वीज २५ पेन्स आणि गॅस ६ पेन्स धरला, तर गॅसवरची उष्णता युनिटला ६.७ पेन्सला पडते आणि तिप्पट उष्णता देणाऱ्या हीट पंपाची ८.३ पेन्सला. एखाद्या घराला वर्षाला १२ हजार युनिट उष्णता लागत असेल, तर गॅसवर ८०० पौंड आणि हीट पंपावर १ हजार पौंड. पर्यावरणासाठी गॅस सोडला त्यालाच भुर्दंड. सरकार हीट पंप बसवायला साडेसात हजार पौंड अनुदान देते खरे, पण अनुदान एकदा मिळते, बिल दर महिन्याला येते. सरकारी धोरणांचा खर्च तिथे वर्षानुवर्षे गॅसपेक्षा विजेच्या बिलावर जास्त लादला गेला, हे यामागचे एक मोठे कारण. (गॅसची जोडणी पूर्ण तोडली तर गॅसचा रोजचा स्थिर आकार वाचतो आणि वर्षाला शंभरेक पौंड सुटतात. ही रक्कम हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात.)

हा भुर्दंड भरून काढण्याची गुरुकिल्ली म्हणजे वीजदराची योजना. ब्रिटनमध्ये वीज पुरवणारी कंपनी ग्राहक निवडतो आणि त्या कंपनीच्या अनेक योजनांतून एक योजनाही. दिवसभर एकच दर ही साधी पद्धत. ‘इकॉनॉमी सेव्हन’ ही १९७८ पासूनची जुनी पद्धत, रात्रीचे सात तास स्वस्त. अलीकडे खास हीट पंपासाठीच्या योजना निघाल्या आहेत. ऑक्टोपस या कंपनीच्या योजनेत पहाटे ४ ते ७, दुपारी १ ते ४ आणि रात्री १० ते १२ वीज स्वस्त, आणि दुपारी ४ ते ७ चांगलीच महाग. शिवाय दर अर्ध्या तासाला बदलणारा दरही आहे. उद्याचे दर आज दुपारी कळतात. वादळी वाऱ्याच्या रात्री पवनचक्क्या जोरात फिरतात तेव्हा तो दर कधी कधी शून्याखालीही जातो.

या अर्ध्या तासाच्या दराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्याला रोज शेअर बाजार बघायला आवडतो त्याने तो घ्यावा. वारा पडलेला असतो, गारठा वाढलेला असतो आणि सगळा देश एकाच वेळी हीटर लावतो, अशा जानेवारीतल्या संध्याकाळी तो दर भडकतो. म्हणजे ऊब सर्वांत जास्त हवी असते नेमकी तेव्हाच ती सर्वांत महाग. ‘इकॉनॉमी सेव्हन’ही हीट पंपाला शोभत नाही. ती जड विटा भरलेल्या जुन्या विजेच्या हीटरांसाठी होती. त्या विटा रात्री तापवायच्या आणि दिवसभर त्यांनी ऊब सोडायची. हीट पंपाच्या घरात अशा विटा नसतात, आणि बाहेरची हवा रात्री सर्वांत थंड असल्याने तिच्यातून उष्णता उचलायला पंपाला जास्त कष्ट पडतात. दुपारी एक ते चार हा स्वस्त काळ मला म्हणूनच सर्वांत मोलाचा वाटतो. दर कमी, आणि हवाही त्यातल्या त्यात उबदार.

आता जावयाच्या गणिताकडे येऊ. समजा स्वस्त दर १३ पेन्स, मधला २७ आणि महाग ४० पेन्स आहे. दिवसभर एकसारखी वीज वापरणाऱ्या घराला ही योजना सरासरी २४ पेन्सला पडते, म्हणजे २५ पेन्सच्या सरसकट दराहून जेमतेम कमी. पाव वापर महाग वेळेत गेला, पाव स्वस्त वेळेत आणि उरलेला मध्ये, तर सरासरी २७ पेन्सच्या जवळ जाते. म्हणजे योजना घेऊन तोटाच. अर्धा वापर स्वस्त वेळेत नेला आणि महाग वेळेत विसावा भागच ठेवला तर ती साधारण वीस पेन्सवर येते. आणि इथे वापर म्हणजे फक्त हीट पंपाचा नव्हे. दर अख्ख्या घराला लागतो. शेगडी, ओव्हन, कपडे वाळवण्याचे यंत्र, सगळे त्यात आले. संध्याकाळी सहाला जेवणाऱ्या इंग्रज घरात स्वयंपाक नेमका महाग वेळेत येतो. मराठी घरात आठ-साडेआठला पान वाढण्याची सवय इथे अनायासे उपयोगी पडते.

चार ते सात पंप बंद ठेवून सातनंतर पुन्हा लावला, तर वाचते किती? मध्यम घरात पंप तासाला एक युनिट खात असेल तर तीन तासांची तीन युनिटे. ती ४० ऐवजी २७ पेन्सने घेतली, म्हणून दिवसाला ३९ पेन्स वाचले. लंडनमध्ये यात एक कप चहासुद्धा मिळत नाही. त्यातूनही थोडे निसटते. गार पडलेले घर लवकर तापवायचे म्हणून पंप रेडिएटरमध्ये जास्त गरम पाणी सोडतो, आणि पाण्याचे तापमान एका अंशाने चढवले की पंपाची कार्यक्षमता साधारण दोन-अडीच टक्क्यांनी घसरते. दहा अंश चढवले की पाव-पंचमांश गेली. हीट पंप मंद आचेवर सतत चालणारे यंत्र आहे. बॉयलरसारखे त्याला भडकवायचे नसते.

तीच तीन युनिटे दुपारी एक ते चारमध्ये आधीच वापरली, घर वीसवरून साडेएकवीस अंशांवर नेऊन ठेवले आणि मग पंप बंद केला, तर बचत दुपटीहून जास्त, दिवसाला ८१ पेन्स. आणि सात वाजता घर अजून उबदार. वापर महाग वेळेच्या पुढे ढकलायचा नाही, अलीकडे ओढायचा. पण याला एक अट आहे, घराने ती ऊब धरून ठेवली पाहिजे. भिंतीत आणि माळ्यावर उष्णतारोधक थर असलेले, दुहेरी काचांच्या खिडक्यांचे घर तीन तासांत जेमतेम एखादा अंश उतरते. दारे-खिडक्यांतून वारा शिरणारे जुने विटांचे घर मात्र भोक पडलेल्या माठासारखे. त्यात आधी भरून ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणून योजना निवडण्याआधी एक साधी चाचणी करावी. थंडीच्या दिवशी दुपारी चारला पंप बंद करायचा, घरातले ज्येष्ठ नेहमी बसतात त्या खोलीत तापमापक ठेवायचा आणि सातला आकडा बघायचा. बहुतेक ठिकाणी थर्मोस्टॅट बाहेरच्या बोळात असतो आणि आजी खिडकीजवळच्या खुर्चीत. दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो.

हा आकडा १८च्या खाली जात असेल तर ती योजना त्या घराची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवामानाच्या देशांसाठी घरातले किमान तापमान १८ अंश सेल्सिअस सुचवले आहे आणि वृद्ध, लहान मुले व आजारी माणसांसाठी त्याहून जास्त लागू शकते असे म्हटले आहे. यामागे सोयीचा नव्हे, शरीरशास्त्राचा विचार आहे. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त थोडे दाट होते. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. थंड हवेने श्वासनलिका आवळतात, दमेकऱ्याला आणि जुन्या खोकल्याच्या रुग्णाला त्रास होतो. वयाबरोबर थंडी वाजण्याची जाणीवही बोथट होते. त्यामुळे ‘मला काही थंडी वाजत नाही’ या आजोबांच्या बोलण्यावर योजना ठरवू नये, तापमापकावर ठरवावी.

गरम पाण्याचेही असेच. वीज वाचवायची म्हणून टाकीतले पाणी कायम ४० अंशांवर ठेवणारे लोक आहेत. लेजिओनेला नावाचा, न्यूमोनिया घडवणारा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यातच सुखाने वाढतो. हीट पंपाच्या टाक्यांमध्ये म्हणूनच ठरावीक दिवसांनी पाणी ६० अंशांपर्यंत तापवण्याची सोय असते. ती सोय बंद करू नये; दुपारच्या स्वस्त वेळेत लावावी.

थोडक्यात, पळत्या घरातल्या दोघा तरुणांसाठी जी योजना उत्तम, ती दिवसभर घरात असणाऱ्या सत्तरीच्या जोडप्यासाठी घातक ठरू शकते. तरीही दर तुलना करणारी बहुतेक साधने विचारतात ते वार्षिक वापर आणि टपालाचा पिनकोड. घरात कोण राहते, हे विचारत नाहीत. पडक्या घरात राहणाऱ्या, आजारी माणसाच्या कुटुंबाने बदलत्या दराचा मोह सोडून सरसकट दर घ्यावा आणि वाचवायचेच असेल तर आधी खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, असे माझे मत आहे.

हे सगळे परदेशाचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दराचे तत्त्व आणले. शेती वगळता इतर ग्राहकांसाठी ते १ एप्रिल २०२५ पासून लागू करायचे होते. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या वेळेत घरगुती ग्राहकालाही किमान १.१ पट, अशी त्याची चौकट आहे. महाराष्ट्रात २०२५च्या जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सुरुवात सवलतीने झाली, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे.

आपला हीट पंप म्हणजे एसी. ‘दुपारी स्वस्त विजेत घर थंड करून ठेवा’ हा सल्ला लवकरच आपल्यालाही मिळेल. तो ऐकण्याआधी बिलावरचे टप्पे पाहावेत. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांनंतरचा दर जवळजवळ दुप्पट होतो, ३०० नंतर आणखी चढतो. दुपारी एसी चालवून महिन्याची चाळीस युनिटे वाढली आणि ती वरच्या टप्प्यात गेली, तर रुपयाभराची सवलत त्यात कुठल्या कुठे जाते. शिवाय आपली सिमेंटची घरे उष्णतेच्या बाबतीत उलटी वागतात. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. अकोल्यात किंवा चंद्रपुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको. दुपारी गार केलेली खोली रात्री अकराला पुन्हा तापलेलीच असते. आणि माणसाला त्रास होतो तो रात्रीच. रात्रभर शरीर थंड झाले नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन सोसायची ताकद उरत नाही. उष्माघाताचा धोका तिथे वाढतो.

विदर्भातले कूलर इथे कामाला येतात. दीड-दोनशे वॅटमध्ये कोरड्या हवेत ते बऱ्यापैकी गारवा देतात. गच्चीला पांढरा परावर्तक रंग देणे हाही खर्च एकदाच होतो. पण रात्रीच्या विजेवर अधिभार लावण्याची वेळ आयोगापुढे येईल, तेव्हा रात्रीचा वापर म्हणजे चैन हे गृहीत धरले जाऊ नये. पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याचा पंखा-कूलर आणि ऑक्सिजन यंत्रावरच्या रुग्णाचे घर या अधिभारातून आधीच वगळावे. त्यासाठीच्या हरकती आयोगाच्या जाहीर सुनावणीत कोणीही ग्राहक नोंदवू शकतो. तिथे उद्योगांचे वकील हमखास हजर असतात.