साहेब गेले, सोसायटी राहिली

मैत्रिणींनो, श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ (१९७६) पाहिलाय ना? गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला चित्रपट. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि बिंदूच्या भूमिकेत स्मिता पाटील! पाहिला असलात तरी पुन्हा पाहा, आणि शेवट जरा निरखून पाहा.

गोष्ट तशी साधी. गावचं दूध मिश्राजींची खाजगी डेअरी पडत्या भावात उचलत असते. डॉ. राव (गिरीश कार्नाड) तिथं सहकारी सोसायटी काढायला येतात. दुधातलं फॅट तपासायचं आणि त्याप्रमाणे भाव द्यायचा, असा त्यांचा रोखठोक हिशेब. दलित वस्तीतला तापट भोला (नसीरुद्दीन शाह) आधी त्यांना जवळही येऊ देत नाही, पण राव त्याला सोडत नाहीत. पुढे निवडणुकीत सरपंच हरतो, विरोधकांचे डाव सुरू होतात, आणि रावांना गाव सोडावं लागतं. मग सोसायटी बुडाली का? मुळीच नाही! भोला ती पुढं चालवायला उभा राहतो.

पुढारीपणाची खरी परीक्षा ही अशी, पुढारी गेल्यावर होते, बरं का!

आपल्याकडे काय दिसतं? महिला मंडळ असो, भिशी असो, नाहीतर संसार, सगळ्या किल्ल्या एकीच्याच कमरेला. “तिच्यावाचून पान हलत नाही” हे ऐकायला गोड लागतं. पण मग अंगात ताप असला तरी तिलाच उठावं लागतं, त्याचं काय?

म्हणून एवढं करून पाहा. मंडळाची हिशेबाची वही सगळ्यांच्या हाताशी ठेवा. पुढची सभा सारख्या हरकती घेणाऱ्या बाईंवर सोपवा. भोला तरी दुसरं काय करत होता? घरात गॅसचा नंबर कसा लावायचा, दुधाचा हिशेब, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा मुलांना आणि ‘ह्यांना’ही माहीत हव्यात. सुरुवातीला भाजी खारट होईल, बेरीज चुकेल. होऊ द्या! लगेच हातातलं काम काढून घेऊ नका.

आणि चार दिवस माहेरी गेलात, पण “अमुक डबा कुठं आहे?” असा एकही फोन आला नाही, तर मुळीच हिरमुसू नका. सोसायटी चालू आहे म्हणायची!