फक्त पुसलं होतं!

दिवाळीच्या तोंडावर माळे, पंखे, जळमटं उरकली की घरातल्या एखाद्या उत्साही माणसाची नजर टेबलाखालच्या काळ्या डब्याकडे वळते. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतो, घरात मात्र तो अख्खा डबा ‘सीपीयू’च. उत्साह रास्त आहे. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांत धूळ दाटली की वारा आरपार जात नाही, पंखा घुरघुरत राहतो आणि तापलेला प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करून घेतो. धूळ काढायलाच हवी. पण ती काढून बटण दाबावं तर डबा ढिम्म. मग मला फोन येतो आणि त्यात एक वाक्य हमखास असतं : “मी काही केलं नाही हो, फक्त पुसलं!”

या वाक्यावर माझा विश्वास नसतो, आणि म्हणूनच मी निर्धास्त असतो. सकाळपर्यंत नीट चालणारा कॉम्प्युटर सफाईनंतर बंद पडला, तर बहुतेक वेळा काही जळलेलं नसतं, काहीतरी हललेलं असतं. डबा उघडूनही न बघता ‘मदरबोर्ड गेला’ म्हणणाऱ्याकडे तो लगेच नेऊ नये, ते एवढ्याचसाठी.

तपासाला भिंतीपासून लागावं. आधी एक्स्टेंशन बोर्डाचं बटण, मग डब्याच्या पाठीवरचा एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीचा, छोटा स्विच. त्याच्या एका टोकाला उभी रेघ असते, दुसऱ्याला गोल. गोल म्हणजे बंद, आणि तिथवर तो फडक्याच्या फटकाऱ्यानेही जातो. इथेच संपलेल्या दुरुस्त्यांबद्दल लोक नंतर चारचौघांत बोलत नाहीत.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी, हा प्रकार माणसाला जास्त घाबरवतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्याच्याच खोबणीत हवी. सफाईनंतर ती हटकून मदरबोर्डच्या खोबणीत जाऊन बसते, कारण तीही तशीच दिसते. केबल बरोबर असेल तर संशय रॅमवर. डीडीआर४ रॅमच्या पट्टीला 288 संपर्क असतात. ब्रशच्या धक्क्याने पट्टी केसभर तिरकी झाली तरी मदरबोर्डला ती दिसेनाशी होते. काही बोर्ड अशा वेळी बीप-बीप ओरडतात, नव्यांपैकी काहींवर ‘डीरॅम’ लिहिलेला बारीक दिवा पेटून राहतो. प्लग काढावा, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरावं. मग खटका उघडून पट्टी सरळ वर काढावी, खाच जुळवून परत ठेवावी आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा. ‘खट्’ असा आवाज यायला हवा. लोक घाबरून फार हळू दाबतात, गडबड तिथेच होते.

इथे कोणीतरी कंपासपेटीतलं खोडरबर आणतोच. पट्टीची पिवळी टोकं खोडरबराने घासली की रॅम चालते, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. चालते हे खरं, पण माझ्या मते त्यातलं बरंचसं श्रेय पट्टी काढून पुन्हा नीट बसवण्याचं. त्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. दर दिवाळीला तो घासण्यात शहाणपण नाही.

कॉम्प्युटर चालू होऊन थोड्याच वेळात आपणहून बंद होत असेल, तर हीटसिंककडे बघावं. एकतर पंख्याची वायर निघालेली असते, नाहीतर हीटसिंकच्या चार खुंट्यांपैकी एक उचकटलेली. आणि हीटसिंक उचलूनच पुसला असेल, तर वाळलेली थर्मल पेस्ट काढून नवी लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

खरं नुकसान होतच नाही असं नाही. ओलं फडकं आत फिरलं असेल तर डबा पूर्ण वाळेपर्यंत बटणाला हात लावू नये. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, भन्नाट वेगाने फिरला तर बेअरिंग जातं, शिवाय फिरता पंखा उलटी वीजही तयार करतो. एसएमपीएसचा पत्रा मात्र घरी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज साठून राहिलेली असू शकते.

एवढं करून कॉम्प्युटर सुरू झाला की दुसरा फोन येतो : “चालू झाला, पण बँकेची साइट उघडत नाही.” मी कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगतो. ती कित्येक वर्षं मागची निघते. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सेल असतो. प्लग काढलेला असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल आधीच मरायला टेकलेला असतो, सफाईपुरता प्लग निघाला की तो मान टाकतो. कॉम्प्युटरच्या लेखी साल जुनं असल्यामुळे बँकेच्या साइटचं आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. तारीख सुधारली की साइट उघडते. प्लग काढून लावल्यावर ती पुन्हा मागे गेली, तर सेल बदलायचा. घड्याळजीकडेही मिळतो.