संशय, स्वाक्षरी आणि सुरक्षा

बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरील बेळ्ळंदूर हा परिसर देशाच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा दर्शनी भाग मानला जातो. काचेच्या इमारतींमध्ये जगभरातील कंपन्यांचा कारभार चालतो आणि त्या इमारतींची झाडलोट, पहारा व स्वयंपाक करणारी माणसे जवळच पत्र्याच्या झोपड्यांत राहतात. अशाच करियम्मन अग्रहार या वस्तीतील शेकडो झोपड्या जानेवारी २०२० मध्ये जमीनदोस्त करण्यात आल्या. त्याआधी महादेवपुरा मतदारसंघाच्या तत्कालीन भाजप आमदारांनी समाजमाध्यमावर एक चित्रफीत प्रसृत करून येथे बेकायदा बांगलादेशी राहत असल्याचा संशय व्यक्त केला होता. पोलिसांनी जमीनमालकास नोटीस धाडली, महापालिकेच्या अभियंत्याने बंदोबस्त मागितला आणि यंत्रे आली. रहिवाशांनी आधार ओळखपत्रे, मतदार ओळखपत्रे, काहींनी आसामच्या नागरिक नोंदवहीतील नावेही पुढे केली. त्यांत आसाम आणि बंगालचे मजूर होते, तसेच उत्तर कर्नाटकातील कानडी मजूरही होते. आपल्याच राज्याच्या राजधानीत त्यांच्यावर परकेपणाचा शिक्का बसला.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना न्यायालयात गेली. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने कारवाईस स्थगिती दिली आणि पोलिसांना हा अधिकार कोणत्या कायद्याने दिला, असा साधा प्रश्न विचारला. कोणाचीही ओळख न पडताळता सगळ्यांनाच घुसखोर ठरविण्यात आले होते. तंत्रज्ञान आणि राष्ट्रीय सुरक्षा यांच्या नात्यावर दिल्लीत जी धोरणात्मक चर्चा चालते, तिची कसोटी या प्रश्नात आहे. संशय घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असतोच. पण त्या संशयाखाली स्वाक्षरी कोणाची आणि ती तपासणार कोण?

सुरक्षेची चिंता काल्पनिक नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी इंटरनेटद्वारे केलेल्या दूरध्वनींवरून सीमेपलीकडील सूत्रधारांशी बोलत होते. सरकारने संदेश ऐकूच नयेत, असे त्यानंतर कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. बेकायदा स्थलांतर ही सीमावर्ती राज्यांची खरी समस्या आहे, हेही तितकेच खरे. मात्र ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे दोन शब्द उच्चारले की पुढचे सारे प्रश्न गैरलागू ठरतात, ही समजूत प्रशासनात रुजते तेव्हा करियम्मन अग्रहार घडते.

याच शहराने एक वेगळा अनुभवही घेतला आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये मोबाइलवरील अफवांनी भयभीत झालेल्या ईशान्य भारतीयांनी बंगळुरू आणि पुणे सोडण्यासाठी रेल्वे स्थानकांवर गर्दी केली. केंद्राने तेव्हा एकगठ्ठा लघुसंदेशांवर पंधरा दिवसांची मर्यादा घातली आणि एका वेळी पाचांहून अधिक संदेश पाठविण्यास मनाई केली. हा निर्बंध जाहीर होता, मुदतीचा होता आणि सर्वांना सारखा होता. त्याच दिवसांत बंद केलेल्या शेकडो संकेतपत्त्यांत मात्र बातम्यांची पाने आणि पत्रकारांची खातीही सापडली. उघडपणे घातलेला निर्बंध लोकांनी समजून घेतला. गुपचूप काढलेल्या आदेशांत चूक शिरली आणि ती शोधण्याचे काम बाहेरच्या अभ्यासकांवर पडले.

संसदेत या प्रश्नाची खरी चर्चा एकदा होऊ घातली होती. मार्च २०१६ मध्ये आधार विधेयक धन विधेयक म्हणून मांडण्यात आले. ‘राष्ट्रीय सुरक्षे’साठी सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशाने नागरिकाची माहिती उघड करण्याची तरतूद त्यात होती. राज्यसभेत जयराम रमेश यांची दुरुस्ती संमत झाली. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ या मोघम शब्दांऐवजी ‘सार्वजनिक आणीबाणी’ व ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे न्यायालयांनी पूर्वी तपासलेले शब्द घालावेत, असे ती सांगत होती. धन विधेयक असल्याने राज्यसभेचा अधिकार शिफारशीपुरताच होता आणि लोकसभेने त्याच दिवशी ती शिफारस फेटाळली. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही तरतूद रद्द केली. अधिकारी सहसचिवाहून वरिष्ठ असावा आणि निर्णयात न्यायिक अधिकाऱ्याचाही सहभाग असावा, असे न्यायालयाने सुचविले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तर वेगळ्या निकालपत्रात धन विधेयकाचा मार्गच राज्यघटनेशी प्रतारणा ठरविला. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीत सहसचिवाच्या जागी सचिव आले. न्यायाधीश मात्र आले नाहीत. पद वाढले, पण परीक्षक बदलला नाही.

हाच साचा पुढेही टिकून राहिला. दूरध्वनी ऐकण्याबाबतचे पहिले सुरक्षाकवच सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिले होते. करियम्मन अग्रहारसाठी धावलेली संघटनाच तेव्हा याचिकाकर्ती होती. त्यातून आढावा समितीची व्यवस्था आली. डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला, तेव्हा शंभराहून अधिक विरोधी खासदार निलंबित होते. वर्षभराने त्याखालील नियम आले. त्यांतही केंद्रीय आदेश गृहसचिव काढतात आणि मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील सचिवांची समिती त्याचा आढावा घेते. ऑगस्ट २०२३ मधील व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने सुरक्षेच्या कारणास्तव कोणत्याही सरकारी यंत्रणेला अधिसूचनेद्वारे सूट देण्याची सोय केली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एकमताने सांगितले, ते बंगळुरूच्याच एका निवृत्त न्यायमूर्तींच्या, के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर. कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता या त्या निकालातील कसोट्या आहेत. पण कसोटी लावणारा आणि आदेश काढणारा एकाच शासनव्यवस्थेतील असेल, तर त्या कागदावरच राहतात.

यावर प्रशासनाचे उत्तर ठरलेले आहे. धोका तातडीचा असतो आणि न्यायाधीशाची वाट पाहण्यास वेळ नसतो. तातडीच्या प्रसंगी आदेश आधी व तपासणी नंतर, ही मुभा देता येईल. परंतु तपासणीच नको, हा तातडीचा निष्कर्ष होऊ शकत नाही. शिवाय घाईची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे परिसरात पकडलेल्या काही बंगाली मजुरांना बांगलादेशात ढकलण्यात आले आणि ते पश्चिम बंगालचे रहिवासी असल्याचे निष्पन्न झाल्यावर परत आणावे लागले. त्याच वर्षी आलेल्या स्थलांतर व परकीय नागरिक कायद्यानेही, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच ठेवला. आधार क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायदा स्वतःच सांगतो. मग पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाने सिद्ध करायचे ते कशाने? बोलीने, की पेहरावाने?

परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आला. याच जिल्ह्यातील माणसे दरवर्षी मजुरीसाठी गुजरातेत जातात. गावाबाहेरही माणसाची ओळख त्याच्यासोबत चालावी, हे त्या योजनेचे मूळ वचन होते. ज्या बंगळुरूत तिचे तंत्रज्ञान घडले, तेथेच दहा वर्षांनी तो क्रमांक दाखवणाऱ्याचे छप्पर वाचले नाही.

उपाय अवघड नाहीत. पाळतीच्या आदेशांच्या आढाव्यात एक तरी न्यायाधीश असावा. किती आदेश निघाले व किती रद्द झाले, एवढा आकडा, नावे न देता, दरवर्षी संसदेपुढे यावा. आणि संशयावरून कोणाचे घर वा वास्तव्य हिरावण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या नावाची नोटीस, सुनावणी आणि लेखी कारण असावे. यांपैकी कशानेही गुप्तचराचे काम अडत नाही. अडते ती केवळ बेजबाबदार स्वाक्षरी. मंत्रालयांत बसणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे आपल्यावरील अविश्वासाचे कलम समजू नये. वरून आलेला तोंडी दबाव नाकारण्यासाठी प्रामाणिक अधिकाऱ्याच्या हाती असा नियमच असावा लागतो. तो २०२० मध्ये बेळ्ळंदूरच्या अभियंत्याच्या हाती असता, तर बंदोबस्ताचे पत्र लिहिण्यापूर्वी त्याला रहिवाशांची यादी मागता आली असती.