घोडे आणि गुडघे

‘साहसी’ फटफटी घेण्याचे मनात आहे. या कुळाची आजी म्हणजे बीएमडब्ल्यूची 1980 सालची ‘आर 80 जी/एस’. त्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ रान आणि रस्ता. तिची आजची नात ‘आर 1300 जीएस’: 145 अश्वशक्ती, वजन 237 किलो, किंमत वीस लाखांच्या घरात. रॉयल एन्फिल्डची 2023 सालची ‘हिमालयन 450’ 40 अश्वशक्तीची आणि 196 किलोंची. चाकणला तयार होणारी केटीएमची ‘390 अ‍ॅडव्हेंचर’ तिच्याहूनही हलकी.

अश्वशक्तीला मन भुलते खरे. पण किकवीहून भोरमार्गे वरंधा घाट उतरायचा, तर त्या वळणांवर 145 घोडे उधळायचे कोठे? उलट चिखलात गाडी आडवी झाली, तर उभी कोण करणार? घाटात हमाल मिळत नाही!

म्हणून दुकानात वेग विचारू नये. बैठकीवर बसून पाय टेकतात का ते पाहावे. हिमालयनची बैठक 825 मिलिमीटर उंच, जीएसची 850. मग गाडी चढावर मागे रेटून पाहावी. चाळिशी उलटलेल्या माझ्या गुडघ्यांनी जीएसला नकार कळवला आहे. उरलेल्या दोघींचा निकाल दिवाळीनंतर!