नागलीच्या मुळाशी जिवंत मदतनीस

कुपोषणाशी झुंजणाऱ्या जव्हार-मोखाड्यात कॅल्शियमने समृद्ध नागली डोंगरउतारावर पिकते. पण पावसाबरोबर मातीतले अन्नांश वाहून जातात. तेथे ‘ॲझोस्पिरिलम’ जिवाणू उपयोगी ठरतात. १९७८मध्ये नामकरण झालेल्या या प्रजातीतल्या अनेक जाती तृणधान्यांच्या मुळांशी राहतात, हवेतला नत्र स्थिर करतात, मुळे वाढवणारी संप्रेरके तयार करतात. कडधान्यांवरच्या रायझोबियमसारख्या गाठी मात्र त्या करत नाहीत. त्यामुळे मिळणारा नत्र मर्यादित. शेणखताला हा पर्याय नव्हे. लावणीपूर्वी रोपांची मुळे या जिवाणूंच्या द्रावणात बुडवतात. पण उन्हात तापलेले, मुदत संपलेले पाकीट म्हणजे नुसती भुकटी. म्हणून किती पाकिटे वाटली यापेक्षा ती लावणीआधी, जिवंत जिवाणूंसह पाड्यावर पोहोचली का, हेच विचारायला हवे.