कापसाला रविवारपर्यंत घर हवं आहे

पुण्यातल्या आमच्या प्राणी-निवाऱ्यात अडीच महिन्यांचं एक गावठी पिल्लू आहे. पांढरंशुभ्र, शेपटीपाशी तेवढा एक तपकिरी ठिपका. सगळे त्याला कापूस म्हणतात. त्याला मात्र याचा पत्ता नाही, कारण त्याला ऐकू येत नाही. त्याची भावंडं एकेक करून घरी गेली. सोमवारी पिल्लांची खोली नव्या पिल्लांना द्यायची आहे आणि कापसाला मोठ्या कुत्र्यांच्या कंपाउंडमध्ये हलवावं लागेल. मोठं कुत्रं चावण्याआधी बहुधा गुरगुरतं. ऐकू येणारं पिल्लू तेवढ्यावर मागे सरतं. कापूस त्याच्याच थाळीत तोंड घालून निवांत खात राहील. म्हणून ही घाई.

‘रस्त्यावर परत का सोडत नाही?’ असं विचारणारे भेटतात. नसबंदी आणि लसीकरण झालेलं भटकं कुत्रं जिथून आणलं तिथेच सोडायचं, असं प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ सांगतात. धडधाकट कुत्र्यासाठी ते योग्यच आहे. पण ज्याला मागून आलेल्या गाडीचा हॉर्न कळत नाही, ते पिल्लू सिंहगड रस्त्यावर किती दिवस जगेल?

त्याचं बहिरेपण जन्मजात आहे, ते कुणाला लागत नाही. बहुतेक वेळा त्याचा संबंध पांढऱ्या रंगाशी असतो. केसांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. त्या तिथे नसल्या, तर ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. डाल्मेशियन पाळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. यावर उपचार नाही, पण कापसाला काही दुखतही नाही. तो पोटभर खातो, भरपूर खेळतो. खेळताना जरा जोरात चावतो, कारण समोरच्याचं केकाटणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. ते त्याला शिकवावं लागेल.

शिकवणं वाटतं तितकं अवघड नाही. कुत्री तशीही आपल्या बोलण्यापेक्षा आपल्या हातांकडे जास्त बघतात. अंगठा वर केला की शाबासकी, तळहात वर उचलला की बसायचं, एवढं कापसाला आत्ताच कळतं. अंधारात बोलवायला बॅटरीची उघडझाप पुरते. झोपेत मात्र त्याला एकदम हात लावायचा नाही. नाकापाशी हात धरायचा, वासानं त्यानं डोळे उघडले की लगेच खाऊ द्यायचा. रोज असं केलं की दचकून चावण्याची भीती पुष्कळ कमी होते. (आणि दिवाळीत इतरांची कुत्री पलंगाखाली थरथरत असतील तेव्हा हा बहुधा घोरत पडलेला असेल.)

एका बाबतीत सूट नाही: बाहेर पट्ट्याशिवाय न्यायचं नाही, आयुष्यभर. हाक मारून तो थांबणार नाही. घराचं फाटक बंद राहणारं हवं, आणि गळ्यात तुमचा फोन नंबर व ‘मला ऐकू येत नाही’ असं लिहिलेला बिल्ला. विजेचा झटका देणारे पट्टे वापरणाऱ्यांनी येऊच नये. घरात रांगतं मूल असेल किंवा दिवसभर कुणीच नसेल, तर हे पिल्लू तुमच्यासाठी नाही. ‘बिचारा’ म्हणून नेणाऱ्यांचीही आम्हाला भीतीच वाटते. कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं, कीव तेवढी टिकत नाही. ज्या घरात खाणाखुणांनी बोलणं रोजचंच आहे, अशा कर्णबधिर कुटुंबांनी मात्र जरूर यावं. त्यांना शिकवण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नाही.

माणसांची आणि घराची सवय पिल्लाला सहज लागते ती साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत. कापसाचे त्यातले मोजकेच दिवस उरलेत.

शनिवारी आणि रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच निवारा उघडा आहे. येताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा आणा, घरातल्या सगळ्यांना आणा. घर भाड्याचं असेल तर घरमालकाशी आधी बोलून या. पैसे लागणार नाहीत. सुरुवातीच्या लसी दिल्या आहेत, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची तुम्ही द्यायची. नसबंदी आम्ही करून देऊ. कायमचं नेणं जमणार नसेल, तर महिनाभर तरी सांभाळा. तेवढ्यात आम्ही त्याला घर शोधतो.