मळीची प्रतिष्ठा आणि जिनचा खरेपणा

साहित्यविषयक पत्रिकेत मद्यावर लेख यावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. ज्यांनी मद्य वर्ज्य मानले आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांचा नेम मला वंदनीय आहे. माझा वाद आहे तो जे घेतात आणि घेताना प्रतिष्ठेचा आव आणतात, त्यांच्याशी. हिंडलग्यापासून निपाणीपर्यंतच्या आपल्या जुन्या मराठी घराण्यांतून लग्नकार्याच्या आदल्या रात्री व्हिस्कीची बाटली मानाने उघडली जाते. एखाद्याने जिन मागितली, तर ‘ते बायकांचे पेय’ म्हणून त्याचे हसे होते; आणि तीत त्याने लिंबू पिळले, तर दर्दी मंडळींतून त्याचे नावच कटते. हा उच्चनीचभाव निव्वळ अज्ञानावर उभा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम व्हिस्कीचा विचार करू. स्कॉच म्हणवून घ्यायचे तर मद्य धान्यापासून काढावे लागते आणि ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवावे लागते. आपल्याकडे बेताच्या किमतीत जी व्हिस्की सर्रास खपते, तिचा पाया पुष्कळदा उसाच्या मळीपासून काढलेला शुद्ध मद्यार्क असतो. त्यात थोडे माल्ट किंवा स्कॉच मिसळतात, जळक्या साखरेचा रंग देतात, आणि बाटलीवर एखादे साहेबी नाव चढवतात. युरोपीय संघाच्या व्याख्येनुसार मळीच्या मद्याला व्हिस्की म्हणताच येत नाही. बंगळूरच्या अमृतने २००४ मध्ये थेट ग्लासगोत आपली सिंगल माल्ट नेली, गोव्याच्या पॉल जॉनने २०१२ मध्ये तोच मार्ग धरला. त्यांना माझा नमस्कार. पण आपल्या बैठकीत येते ती बाटली बहुधा त्या कुळातली नसते. संकेश्वर-निपाणीच्या शिवारात जो ऊस आपण रोज पाहतो, त्याच पिकाच्या मळीला सोनेरी रंग आला की आपण तिला खानदानी समजू लागतो.

या ठिकाणी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात साराईवर बंदी आली. ती बंदी योग्य की अयोग्य, हा निराळा प्रश्न. पण ती साराईही मळीच्या मद्यार्काचीच होती. पाकिटातून पिणारा हमाल दारुडा ठरला आणि नक्षीदार बाटलीतून पिणारे आपण शौकीन ठरलो. हा भेद जिभेने केलेला नसून वेष्टनाने केलेला आहे.

जिन या बाबतीत निष्कपट आहे. आपला पाया गंधहीन मद्यार्काचा आहे, हे ती कधी लपवीत नाही. तिचे सर्वस्व त्या मद्यार्कात उतरवलेल्या वनस्पतींत असते आणि त्यांत जुनिपरचे फळ मुख्य. आयुर्वेदातील हपुषा ती हीच. सोबतीला धणे, ज्येष्ठमध, दालचिनी, संत्र्यालिंबाच्या साली. म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातली आणि वैद्याच्या बटव्यातली ओळखीची मंडळी. ‘लंडन ड्राय’ हे नाव गावाचे नसून पद्धतीचे आहे. वनस्पती घालून मद्यार्काचे पुन्हा ऊर्ध्वपातन करायचे, नंतर सुवास वा रंग मिसळायचा नाही, आणि साखर लिटरमागे एक दशांश ग्रॅमपलीकडे जाऊ द्यायची नाही, असा तिचा नियम आहे.

जिनचा इतिहास काळा आहे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. अठराव्या शतकात जिनने लंडनच्या गोरगरीब वस्त्या पोखरल्या. विल्यम होगार्थने १७५१ मध्ये ‘जिन लेन’ हे विदारक चित्र कोरले आणि त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा कडक केला. परंतु ते मद्य ओबडधोबड होते, त्याचे दोष साखरेने झाकले जात. १८३० मध्ये ईनिअस कॉफी याने अखंड चालणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले, स्वच्छ मद्यार्क मिळू लागला, आणि गोडीविना जिन करणे शक्य झाले. पूर्वजाच्या पापाचे माप नातवाच्या पदरात घालणे न्यायाचे नव्हे.

दुसरा आक्षेप मिश्रणाचा. मद्यात काही मिसळणे म्हणजे ते बाटवणे, असे म्हणणाऱ्यांनी ‘पंच’ हा शब्द आठवावा. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला या पाच जिनसांवरून, म्हणजे आपल्याच ‘पाच’वरून तो इंग्रजीत गेला, असे अनेक कोशकार मानतात. मिश्रण हा साहेबाचा थिल्लरपणा म्हणून हिणवताना आपण आपल्याच शब्दाला हिणवतो.

मात्र जिनची निवड शिकावी लागते. मद्यार्कात नुसता सुगंधी अर्क ढवळून केलेली स्वस्त जिनही दुकानांत असते. ती घेऊन ‘जिनला चव नसते’ म्हणू नये. मार्टिनीत जिन आणि थोडी कोरडी व्हरमूथ, एवढेच असते. तेथे लपायला जागा नाही, म्हणून जुनिपर ठळक असलेली लंडन ड्रायच हवी. निग्रोनीत जिन, कॅम्पारी आणि गोड व्हरमूथ समभाग असतात. त्या कडवटपणापुढे नाजूक, फुलांच्या वासाची जिन हरवते. गिमलेटला मात्र लिंबाशी जमणारी जिन घ्यावी, आणि आपले ताजे कागदी लिंबू नि साखर वापरावी. टॉनिकबरोबर बहुतेक सगळ्या चांगल्या जिन शोभतात. पण टॉनिकातले क्विनीन हल्ली इतके अल्प असते की हिवतापाचे निमित्त कोणी सांगू नये.

चोर्ला घाट उतरला की गोवा. तेथे २०१७ मध्ये ‘ग्रेटर दॅन’ निघाली, आणि तिच्यामागून ‘हपुसा’ व ‘स्ट्रेंजर अँड सन्स’. हपुसात हिमालयातील जुनिपरबरोबर हळद आणि आंबा आहे, तर स्ट्रेंजर अँड सन्समध्ये मिरी आणि जायपत्री. आपल्या मातीचे हे सुवास मला प्रिय आहेत. तरीही सावधगिरीचा इशारा देतो: व्हिस्कीच्या नावाची पूजा सोडून गोव्याच्या बाटलीवरील चित्राची पूजा सुरू केली, तर आपण काहीच शिकलो नाही. हळदीचा गंध सोड्याबरोबर खुलतो म्हणून तो मार्टिनीतही खुलेल, असे नाही. चाखून पाहावे, मग ठरवावे.

आणखी एक लाभ सांगतो. कॉकटेल मापून करावे लागते, प्रत्येक पेला नव्याने सिद्ध करावा लागतो. बाटली मध्ये ठेवून ती संपेपर्यंत बसण्याची जी आपली रीत आहे, तिला या मोजमापाने काहीसा आळा बसतो. पुढच्या कार्यात पाहुण्यापुढे पेला ठेवताना यजमानाला त्यात काय आहे हे सांगता यावे आणि आतल्या खोलीतल्या बायकांनाही तोच पेला बाहेरच्या बैठकीत, सर्वांबरोबर घेता यावा, एवढीच माझी मागणी आहे. ज्याला हे सांगता येत नाही, त्याने निदान दुसऱ्याच्या लिंबाला हसू नये.